भाषेचं मूळ, माणसाचं कूळ

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. पेढे वाटून झाले आणि जुनं भांडण नव्या जोमाने वर आलं. एक बाजू म्हणते, मराठी ही संस्कृतची लेक, म्हणून आपण आर्यांचे वंशज. दुसरी म्हणते, मराठीचा पाया द्रविड, म्हणून आपण इथले मूलनिवासी आणि संस्कृत घेऊन आले ते उपरे. फोनवर फिरणारे मजकूर, व्याख्यानमाला, दिवाळी अंक, सगळीकडे हेच दोन सूर. ऐकणाऱ्याला वाटावं, केवढा हा मतभेद! प्रत्यक्षात दोघांचं एका गोष्टीवर पक्कं एकमत आहे: भाषेच्या घराण्यावरून माणसाचं घराणं ठरतं. ते दोघांनीही न तपासताच मान्य करून टाकलंय. वाद उरतो तो आपलं घराणं कोणतं एवढाच.

माझं म्हणणं असं की हा पायाच पोकळ आहे. मातृभाषेवरून एवढंच कळतं की तुमचे पूर्वज कुणाच्या शेजारी राहिले, कुणाच्या बाजारात गेले आणि कुणाच्या राज्यात त्यांना जगावं लागलं. ते कुणाच्या पोटी जन्मले, हे भाषा सांगत नाही. कधी कधी सांगते असं वाटतं, पण तो योगायोग असतो किंवा फार ढोबळ सरासरी असते.

आधी जे खरं आहे ते मान्य करू. भाषांची कुळं असतात. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा असं सांगितलं. १८१६ मध्ये मद्रासच्या फ्रान्सिस एलिसने तमिळ, तेलुगू, कन्नड यांचं कूळ संस्कृतपेक्षा वेगळं असल्याचं दाखवलं. १८५६ मध्ये रॉबर्ट काल्डवेलने या भाषांचं तौलनिक व्याकरण लिहिलं आणि ‘द्रविड’ हे नाव रूढ केलं. पुढे मुंडा आणि खासी यांचं ऑस्ट्रोएशियाटिक कूळ, ईशान्येकडच्या तिबेटो-बर्मन भाषा, अंदमानातल्या अगदी निराळ्या भाषा, असा सगळा पसारा उलगडत गेला. २०११ च्या जनगणनेनुसार इंडो-आर्यन भाषा बोलणारे ७८ टक्के, द्रविड भाषा बोलणारे १९.६४ टक्के आणि ऑस्ट्रोएशियाटिक व तिबेटो-बर्मन मिळून जेमतेम दोन टक्के. या वर्गीकरणाशी माझं भांडण नाही. नियमित ध्वनिबदल, सर्वनामं, क्रियापदांचे प्रत्यय अशा पुराव्यांवर ते उभं आहे आणि भक्कम उभं आहे.

घोडं पेंड खातं ते नात्यांच्या शब्दांपाशी. भाषेच्या अभ्यासकांनी सोयीसाठी आई, लेक, बहिणी, कूळ असे शब्द वापरले आणि ऐकणाऱ्यांनी ते शब्दशः घेतले. लेकीच्या अंगात आईचं रक्त असतं, भाषेला रक्तच नसतं. आईबाप कुणाला निवडता येत नाहीत. भाषा मात्र माणूस टाकतो, उचलतो, दोन-दोन सांभाळतो, आणि तीन पिढ्यांत आजोबांचं बोलणं नातवाला कळेनासं होतं. गंमत म्हणजे हा इशारा देणाऱ्यांत खुद्द माक्स म्युलर होता. ‘आर्य’ हा शब्द युरोपभर फिरवण्यात ज्याचा मोठा हात, त्यानेच १८८८ मध्ये बजावलं की ही भाषेची ओळख आहे, रक्ताची, केसांची किंवा कवटीची नव्हे.

तोवर उशीर झाला होता. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले हिंदुस्थानी नाकांच्या मागे लागला. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. आकडा जितका लहान तितका माणूस अधिक ‘आर्य’ आणि जात अधिक वरची, असा त्याचा दावा. या गणितातून आपण मराठी माणसं निघालो ‘सिथो-द्रविड’, म्हणजे शक आणि द्रविड यांची सरमिसळ. शकांचं नाव कुठून आलं? मोजलेली डोकी जरा रुंद निघाली, आणि रुंद डोक्याचे कुणीतरी बाहेरून आणणं भाग होतं, म्हणून. एवढ्या पुराव्यावर आज कुणी सातबाऱ्यावरचं नावसुद्धा बदलून देणार नाही.

आपल्याकडे या विचारातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघाले, आणि दोन्ही पुण्यातच. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त ब्राह्मण हे इराणातून आलेले आक्रमक आणि शूद्रातिशूद्र ही बळीराजाची प्रजा, अशी मांडणी केली. १९०३ मध्ये टिळकांनी वेदकर्त्यांचं मूळ घर थेट उत्तर ध्रुवापाशी नेलं. दोघांचे हेतू एका पारड्यात घालण्याइतका मी आंधळा नाही. फुल्यांना तुडवलेल्या माणसाला उभं करायचं होतं आणि त्यांनी ते केलं. पण हत्यार दोघांनीही त्याच परक्या भात्यातून काढलं. पुढे गोळवलकरांना टिळकांचा ध्रुवही सोडवेना आणि आर्य बाहेरचे ठरलेलेही चालेनात. तेव्हा त्यांनी १९३९ मध्ये तोडगा काढला की त्या काळी उत्तर ध्रुवच आजच्या बिहार-ओरिसाच्या जागी होता. बादरायण संबंध याहून लांबचा असू शकत नाही.

बाबासाहेब आंबेडकर फुल्यांना गुरू मानत. १९४६ चं शूद्रांच्या उगमावरचं पुस्तक त्यांनी फुल्यांनाच अर्पण केलं, आणि त्याच पुस्तकात आर्यवंशाचा सिद्धांत वेदांचेच आधार घेऊन मोडीत काढला. ‘आर्य’ हा शब्द वेदांत वंश या अर्थाने आढळत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. दोन वर्षांनी अस्पृश्यांवरच्या पुस्तकात त्यांनी नाकांची मापं पुढे ठेवली आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगवेगळ्या वंशांचे असल्याचं त्यांतून सिद्ध होत नाही, हे दाखवलं. म्हणजे वंशवाद्यांची मोजपट्टी घेऊन वंशवाद्यांचाच हिशेब चुकता केला. अस्पृश्यतेचं कारण त्यांनी रक्तात शोधलं नाही, समाजाच्या इतिहासात शोधलं. त्यांचं नाव घेऊन ‘विदेशी विरुद्ध मूलनिवासी’ अशी घोषणा देणाऱ्यांनी ही दोन पुस्तकं एकदा उघडून पाहावीत. आर्यवंशाचा अभिमान मिरवणाऱ्यांनीही पाहावीत, पण त्यांच्याकडून तेवढी अपेक्षा नाही.

इरावती कर्वे यांची गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. हाच फिशर पुढे नाझींच्या वंशशास्त्राचा आधारस्तंभ झाला. कवटीच्या दोन बाजूंमधला फरक वंशानुसार बदलतो आणि गोऱ्यांची बुद्धी त्यातून दिसते, ही त्याची कल्पना. विषय त्याने दिला, कवट्या त्याच्या संस्थेतल्या, पदवीही त्याच्याच हातात. इरावतीबाईंनी मापं घेतली आणि लिहिलं की असा काही संबंध दिसत नाही. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी आयुष्यभर महाराष्ट्रातल्या जातींची मापं घेतली आणि त्यांना काय दिसलं? एकाच नावाच्या जातीतल्या पोटजाती एकमेकींपासून वेगळ्या. चित्पावन आणि देशस्थ दोघेही ब्राह्मण, दोघेही मराठी, पण शरीराच्या मापांत एकसारखे नाहीत. घरातली भाषा एक, वेद एक, तरी उगम एक मानायला त्या तयार झाल्या नाहीत.

पुस्तकं बाजूला ठेवू. भाषेवरून कूळ सांगणाऱ्या पंडिताला महाराष्ट्रातून नुसतं फिरवून आणू.

पूर्व विदर्भापासून सुरुवात करू. २०११ च्या जनगणनेत गोंड जमातीची लोकसंख्या देशभरात एक कोटीच्या वर आहे. गोंडी मातृभाषा सांगणारे तीस लाखांच्या आत. गोंडी ही द्रविड भाषा. उरलेले गोंड मराठी, हिंदी, छत्तीसगडी असं काहीबाही बोलतात, म्हणजे इंडो-आर्यन. भाषेवरून वंश ठरवायचा तर आजोबांना द्रविड म्हणा, नातवाला आर्य, आणि मधल्या बापाचं काय करायचं ते ठरवायला समिती नेमा. भिल्लांचं तर त्याहून अवघड. भिली बोलणारे एक कोटीच्या वर आहेत आणि भिली इंडो-आर्यन आहे. सातपुड्यातल्या भिल्लाला कुणी आर्य आक्रमकांचा वारस म्हटलं तर तो आधी हसेल आणि मग वनखात्याच्या खटल्याची तारीख सांगेल.

कैकाडी घ्या. त्यांची घरची बोली द्रविड, तमिळच्या जवळची. ‘द्रविड तो मूलनिवासी’ या हिशेबाने गावात सगळ्यांत आधीचा मान त्यांचा. पण गावोगाव टोपल्या विणत फिरणाऱ्या या जमातीत जन्मलेल्या लक्ष्मण माने यांना १९८० मध्ये आपल्या आत्मकथनाला नाव द्यावं लागलं ते ‘उपरा’. गावाने कैकाड्याची भाषा कोणत्या कुळातली हे कधी विचारलं नाही. पाल कुठे टाकलंय एवढंच पाहिलं.

आणि बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या बाजूला, निहाली. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात. ही भाषा आर्य नाही, द्रविड नाही, शेजारच्या कोरकूसारखी मुंडाही नाही. तिचं कूळ तिचं एकटीचं. शब्दसंग्रहाचा मोठा भाग मात्र उसना, त्यातही कोरकूचा सगळ्यांत जास्त, कारण निहाल पिढ्यानपिढ्या कोरकूंच्या शेतांवर राबत आले. तिची अंकमोजणी ऐकण्यासारखी आहे. एकाला ‘बिडुम’, हा शब्द तिचा स्वतःचा. दोन ‘इरार’, तीन ‘मोठो’, चार ‘नालो’, हे द्रविड वळणाचे. पाच ‘पांचो’, तो सरळ आपल्याकडचा. या हिशेबाने निहाल माणसाच्या हाताचं एक बोट मूळचं, तीन बोटं द्रविड आणि अंगठा आर्य!

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचंही तेच. घाणा चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’. घरात मराठी, बायबलातल्या कथांवर मराठीतून कीर्तनं, इस्रायलमध्ये गेल्यावरही ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक. त्यांच्या जनुकांत पश्चिम आशियातले ज्यू आणि इथली माणसं, दोन्ही सापडतात. हल्याळ-यल्लापूरच्या जंगलातले सिद्दी कोकणी बोलतात आणि त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. उलट मॉरिशसमधल्या मराठी घरांत आज बहुतेक क्रिओल बोलली जाते, पण पूर्वज आपलेच. मराठी बोलणारे सगळे एका मुळाचे नाहीत आणि एका मुळाचे सगळे मराठी बोलत नाहीत, हे समजायला यापुढे जायची खरं तर गरज नाही.

तरी सांगलीजवळच्या कुपवाडला थांबावंच लागेल. आज ते सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत आहे आणि औद्योगिक वसाहतीमुळे ओळखलं जातं. १९६० च्या दशकात ते तीनेक हजार वस्तीचं खेडं होतं, तेव्हा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अमेरिकन भाषाअभ्यासकांनी तिथे काम केलं. १९७१ मध्ये छापलेला त्यांचा निबंध जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत शिकवला जातो. मराठी विभागांत तो किती ठिकाणी शिकवला जातो, हे मात्र विचारू नये. गावात चार भाषा. जमीनदार जैन आणि कारागीर लिंगायत यांच्या घरी कन्नड. मुसलमान शेतकऱ्यांच्या घरी उर्दू, म्हणजे आपली दख्खनी. दोरखंड वळणाऱ्यांच्या घरी तेलुगू. भूमिहीन दलितांच्या घरी मराठी. शतकानुशतकं ही माणसं एका पांढरीत राहिली. घरातली भाषा कुणी सोडली नाही, पण पाणंदीवर, बाजारात, चावडीवर चारचौघांत बोलायला मराठी.

झालं असं की या भाषांचे शब्द वेगळे राहिले आणि वाक्यांची ठेवण एक होत गेली. प्रमाण कन्नडमध्ये ‘हे माझं घर’ एवढ्यावर वाक्य पुरं होतं. कुपवाडच्या कन्नडला मराठीसारखं शेवटी ‘आहे’ लागतं. ‘जरा पाला कापून घेऊन आलो’ असलं वाक्य तिथल्या मराठीतून उर्दूत किंवा कन्नडमध्ये शब्दाला शब्द ठेवून नेता येतं, क्रमसुद्धा बदलावा लागत नाही. शब्द का मिसळू दिले नाहीत, याचं उत्तर समाजात आहे. उंबऱ्याच्या आत आपण कोण, हे सांगायला तेवढी खूण हवी होती. रोटीबेटीच्या भिंती शब्दांनी राखल्या आणि व्याकरण त्या भिंतींखालून निघून गेलं.

आता आपल्या पंडिताला या गावात उतरवा. त्याच्या नियमाने पाहिलं तर जैन जमीनदार द्रविड, म्हणजे मूलनिवासी. त्याच्या बांधावर राबणारा मराठी बोलणारा दलित मात्र आर्य, म्हणजे उपरा! ‘आर्य म्हणजे श्रेष्ठ’ म्हणणाऱ्यांनी इथे कुणापुढे मान झुकवायची आणि ‘द्रविड म्हणजे पीडित’ म्हणणाऱ्यांनी कुणासाठी मोर्चा काढायचा?

इथे दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो नुसत्या घोषणेचा नाही. मराठीत द्रविड थर आहे. विश्वनाथ खैरे यांनी तो आयुष्यभर चिकाटीने मांडला. त्यांच्या सगळ्या व्युत्पत्ती मान्य नसल्या तरी थर आहे हे नाकारता येत नाही. ‘आम्ही जेवायला जातोय’ आणि ‘आपण जेवायला जातोय’ यांत ऐकणाऱ्याला जेवायला मिळणार की नाही, एवढा फरक आहे. हा भेद संस्कृतात नाही, हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही. तमिळच्या ‘नांगळ’ आणि ‘नाम’मध्ये आहे, तेलुगूच्या ‘मेमु’ आणि ‘मनमु’मध्ये आहे. तेव्हा प्राकृत शिकणाऱ्यांत द्रविड बोलणारे पुष्कळ असणार, असा तर्क रास्त आहे.

पण हा पुरावा नेमका कशाचा झाला? माणसांनी आपली जुनी भाषा टाकली, नवी उचलली आणि जुन्या सवयी नव्या भाषेत तशाच चालू ठेवल्या, याचा. म्हणजे भाषा बदलली तरी माणसं तीच राहिली. मराठीतला द्रविड थर दाखवणारा माणूस ‘भाषेवरून वंश कळतो’ हे सिद्ध करत नसतो, ते खोडून काढत असतो. शिवाय त्याच मराठीत प्राकृताचा देह आहे, फारसी दरबार आहे, पोर्तुगीज बटाटा आहे. यांतला एकच थर उचलून ‘हेच आपलं खरं मूळ’ म्हणायला आधार काय?

यावर दोन्ही बाजूंचं हल्लीचं उत्तर ठरलेलं आहे: आता डीएनए सांगतो. बरं, डीएनए काय सांगतो ते पाहू. सप्टेंबर २०१९ मध्ये दोन निबंध जवळजवळ एकाच वेळी आले आणि त्यांचे बरेचसे लेखक सामाईक होते. एकात हरियाणातल्या राखीगढीच्या हडप्पाकालीन दफनभूमीतल्या एका स्त्रीचा जनुकसंच होता. हे उत्खनन डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली झालं होतं. उष्ण हवेत डीएनए टिकत नाही. ६१ सांगाड्यांचे नमुने तपासल्यावर कामाचा ऐवज निघाला तो एकाच बाईचा. तिच्यात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता. दुसऱ्या निबंधात ५२३ प्राचीन माणसांचे जनुकसंच होते. त्यात गवताळ प्रदेशाचा अंश इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या दरम्यान उपखंडात आल्याचं दिसतं.

दोन्ही निबंध एकत्र वाचले तर चित्र सरळ आहे: हडप्पाकाळी तो अंश नव्हता, नंतर आला. पण पहिल्या बाजूने पहिला निबंध उचलला आणि ‘आर्य बाहेरून आलेच नाहीत’ असं जाहीर केलं. दुसऱ्या बाजूने दुसरा उचलला आणि ‘बघा, उपरे सापडले’ म्हणून टाळ्या वाजवल्या. पहिल्या बाजूला उत्तर असं की स्थलांतर झालं आहे, त्याच्याबरोबर इंडो-आर्यन भाषा आली असणं हेच सर्वांत संभवनीय आहे, आणि वृत्तपत्रांतल्या मथळ्यांनी ते बदलत नाही. दुसऱ्या बाजूला उत्तर असं की राखीगढीची ती बाईसुद्धा मिश्र होती. तिच्यात इराणच्या प्राचीन लोकांशी नातं सांगणारा वंश होता आणि इथल्या जुन्या शिकारी-संकलकांचाही. तशा मिश्रणाचा वाटा आज उपखंडातल्या बहुतेक सगळ्यांत, उत्तरेत नि दक्षिणेत, सर्वांत मोठा आहे. हडप्पा कुणा एकाच्या मालकीची नाही. आणि ती बाई बोलत काय होती? तिच्या कवटीतून डीएनए मिळाला, व्याकरण मिळालं नाही. हडप्पाची लिपी अजून वाचता आलेली नाही.

भाषा आणि वंश यांच्यात काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. लाखो माणसांची सरासरी काढली तर इंडो-आर्यन भाषा बोलणाऱ्यांत गवताळ प्रदेशाचा अंश थोडा जास्त भरतो. पण सरासरीवरून समोरच्या माणसाची कुंडली मांडता येत नाही. तमिळ बोलणाऱ्या ब्राह्मणांत हा अंश इंडो-आर्यन बोलणाऱ्या भिल्लांपेक्षा जास्त सापडतो. बलुचिस्तानातले ब्राहुई द्रविड भाषा बोलतात आणि जनुकांनी शेजारच्या बलुचांसारखे आहेत. संथाळ, हो, मुंडा यांच्यात बापाकडून येणाऱ्या खुणा मोठ्या प्रमाणात आग्नेय आशियाशी जुळतात आणि आईकडून येणाऱ्या बहुतेक इथल्याच. म्हणजे भाषा बापाबरोबर आली आणि बाळाला झोपवलं ते इथल्या आयांनी. त्या बाळाला मूलनिवासी म्हणायचं की उपरा? २०१३ च्या एका अभ्यासाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत इथे जवळजवळ सगळे समूह एकमेकांत मिसळत होते, नंतर जातीबाहेर लग्नं होणं थांबत गेलं. आपली खरी लक्ष्मणरेषा ही. ती आर्य-द्रविड भाषांच्या सीमेवर आखलेली नाही, एकाच भाषेच्या एकाच गावात ती घराघरांमधून जाते.

हा सगळा निव्वळ पंडिती वाद असता तर मी एवढी शाई घातली नसती. श्रीलंकेत भाषाकुळांना वंश मानण्याची किंमत मोजली गेली. सिंहली इंडो-आर्यन, तमिळ द्रविड, एवढ्यावर ‘आम्ही आर्य, ते द्रविड’ अशी दोन राष्ट्रं कल्पिली गेली. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा आला, १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं जळाली, आणि पुढची सव्वीस वर्षं युद्ध. जनुकांच्या अभ्यासात मात्र हे दोन समूह एकमेकांच्या फार जवळचे निघतात.

‘मग आदिवासींचा पहिला हक्क तुम्ही नाकारता का?’ असा प्रश्न येईल. मुळीच नाही. २००६ चा वनहक्क कायदा आदिवासीला विचारतो की १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून तुम्ही ही जमीन कसत होता का? इतर वननिवासींना विचारतो की तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, इथे राहिलात का? तुमची भाषा मुंडा कुळातली की द्रविड, हे कायदा विचारत नाही. विचारायला लागला तर मराठी बोलणाऱ्या गोंडाची जमीन पहिली जाईल. हक्क वहिवाटीने, राबण्याने आणि झालेल्या अन्यायाच्या नोंदीने सिद्ध होतो. त्याला चार हजार वर्षांपूर्वीच्या वंशावळीचा आधार जोडला की तो बळकट होत नाही. उद्या कुणीतरी एक हाड उकरतो आणि हक्क डळमळतो.

या भांडणात ज्यांची नावं पुढे केली जातात त्या भाषांची दशा काय आहे? कोरकू ही मुंडा कुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा. बोलणारे सात लाखांवर. आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही, आणि धारणी-चिखलदऱ्याचं मूल पहिलीत बसतं ते मराठी पुस्तक समोर घेऊन. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावं १९,५६९ होती. छाननी करून १,३६९ मातृभाषा ठरल्या, आणि त्यांचे गट करून शेवटी छापलेल्या यादीत भाषा आल्या १२१. शिवाय दहा हजारांहून कमी बोलणाऱ्यांच्या भाषेची स्वतंत्र नोंद १९७१ पासून छापली जात नाही, ती ‘इतर’मध्ये जाते. निहाली त्याच ‘इतर’मध्ये आहे. पुढची जनगणना २०२७ मध्ये व्हायची आहे. आर्य आणि द्रविड, दोन्ही बाजूंकडे मोर्चे काढण्याइतकी माणसं आहेत, मंत्र्यांकडे वशिला आहे. दहा हजारांची ती अट काढून टाका, एवढी एक मागणी त्यांनी मिळून करून दाखवावी.